तात्यांच्या दुधातली माझी हळद

"लिव्हर नीट काम करत नाहीये, आणि कशामुळे ते अजून सापडलेलं नाही," असं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझे वडील, म्हणजे तात्या, खाटेवर मांडी घालून बसले होते. डोळे पिवळेजर्द. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग घरी कवा सोडताय?"

डॉक्टरांनी पुढचं विचारलं. दारू? तात्यांनी जन्मात शिवली नव्हती. मग बाकी काही चालू आहे का, गोळ्या, काढा, जडीबुटी, कसली पावडर? तात्या म्हणाले, "न्हाय." आईने नुसती नकाराची मान हलवली. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मीही म्हणाले, "नाही."

हे सगळं लिहायला बसले ते त्या "नाही"पायी.

मी बारामतीत एका कॉलेजात अन्नतंत्रज्ञान शिकवते. आमचं काम सोप्या शब्दांत सांगते. हळदीत कर्क्युमिन नावाचा गुणकारी पदार्थ असतो, पण तो पाण्यात विरघळत नाही. आपण खातो ती हळद बरीचशी अंगाला न लागताच बाहेर पडते. म्हणून आम्ही दुधातल्या प्रथिनाचे, केसीनचे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कण करतो आणि कर्क्युमिन त्यांच्या पोटात बसवतो. याला नॅनोएन्कॅप्सुलेशन म्हणतात. कण दुधात सहज मिसळतात आणि आतला माल रक्तापर्यंत पोचवतात. सगळं नैसर्गिक. दूध आणि हळद, दुसरं काय?

या कणांची पावडर अजून माणसांना द्यायची नव्हती, त्याची परवानगीच नव्हती. पण भिगवणच्या अलीकडे आमचं गाव, तिथं तात्या गुडघे धरून डाळिंबाच्या बागेत फिरायचे, ते मला बघवेना. मी एक बरणी भरून नेली. त्यात आणखी चांगली लागू पडावी म्हणून काळ्या मिरीचा अर्कही घातला. सांगितलं, रोज दुधातून पाव चमचा.

तीन महिन्यांची बरणी महिन्यातच संपली. तात्या सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा चमचा घेत होते. "लेकीनं केल्याली हाय, डेअरीवर सगळ्यास्नी सांगून बसलोय," म्हणाले. गुडघेही जरा हलके वाटत होते. मी रागवायला हवं होतं. मी हसले आणि दुसरी बरणी दिली. एवढी शिकलेली मी, माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

मग जेवण जाईना. अंगाला खाज सुटली. लघवी गडद झाली. तुमच्या घरात असं काही दिसलं तर दोन दिवस वाट बघू नका, आम्ही आठवडा घालवला. आई म्हणत राहिली, उन्हानं असंल.

दवाखान्यात पहिल्या दिवशी बिलिरुबिन तपासलं, ज्याने कावीळ किती चढली ते कळतं. मग आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते. दोन्ही वाईट. सोनोग्राफीत खडा नाही, गाठ नाही. हिपॅटायटीसच्या, म्हणजे विषाणूच्या काविळीच्या चाचण्यांचे रिपोर्ट यायचे होते. आम्ही बाकड्यावर बसून होतो.

दुसऱ्या दिवशी मामा आला. त्याच्या ओळखीत एक जण काविळीचा पाला देतो, चल घेऊन जाऊ म्हणाला. मी त्याच्यावर खेकसले. "कसला पाला? काय असतं त्यात कुणाला माहीत? तात्यांच्या पोटात असलं काही घालायचं नाही." आई माझ्याकडे बघत होती. मला ते बघणं तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी विषाणूचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले. खोटं कशाला बोलू, बरणी मला पहिल्याच दिवशी आठवली होती. ते औषध थोडंच आहे, हळद-दूध तर आहे, असं मी स्वतःला बजावत होते. खरं म्हणजे भीती वाटत होती. परवानगी नसलेली पावडर घरी नेली हे कळलं तर माझी नोकरी गेली असती.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि बरणी टेबलावर ठेवली. बोलताना रडू आवरेना. ते रागावले नाहीत. म्हणाले, "भाजीतली हळद वेगळी, मॅडम. तुम्ही ती थेट रक्तात जाईल अशी केलीत. क्वचित एखाद्या लिव्हरला ते सोसत नाही." याला ड्रग इंड्यूस्ड लिव्हर इंज्युरी म्हणतात, म्हणजे पोटात घेतलेल्या एखाद्या द्रव्याने लिव्हरला झालेली इजा. शंभर टक्के सांगता येत नाही, पण चित्र तसंच दिसतंय, असं ते म्हणाले. पावडर दवाखान्यात येईपर्यंत चालू होती का, तेही विचारलं. आई दवाखान्यात थर्मासमधून दूध आणत होती, त्यात ती घालत नव्हती, एवढं मला माहीत होतं. का घालत नव्हती, हे मी विचारलंच नाही.

त्याच दिवशी पुण्याला हलवलं. तोवर तात्यांना एनसेफॅलोपॅथी सुरू झाली होती, म्हणजे लिव्हर साफ करू शकत नाही ते विष मेंदूवर चढतं. मला ते डेअरीवरची कुणी बाई समजून दुधाला फॅट किती लागला ते विचारत होते. लिव्हर बदलण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. सहाव्या दिवशी दुपारी तात्या गेले.

पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? मी पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं. "कदाचित," ते म्हणाले, "कदाचित नाहीही." खोटा धीर दिला नाही याबद्दल मी त्यांचे आभार मानते. बारामतीच्या डॉक्टरांचेही मानते, माझ्या तोंडावर दार आपटायचा त्यांना हक्क होता.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा मी आईला सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती. हात थांबला नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "डोळं पिवळं झालं तवाच ह्यांनी पावडर बंद केली. म्हनले, पोरीच्याच पावडरीनं झालं असंल. पन डाक्टरला तिचं नाव सांगू नको, नोकरी जाईल तिची."

म्हणजे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दवाखान्यात विचारतील तेव्हा सगळं सांगा. घरचं, लेकीच्या हातचं, कौतुकाचं, सगळं. कुणाला पाठीशी घालू नका. मी कॉलेजला सगळं लिहून दिलं. त्यांनी प्रयोगशाळेतून काढलं, पण शिकवायला ठेवलं.

तात्या गेले आणि नोकरी तेवढी राहिली.