मी पैलवानाला शड्डू ठोकायला सांगितला

मंडळी, आज गावच्या जत्रेत माझी पणती कुस्तीला आलेल्या एका पैलवान मुलीला म्हणाली, "ताई, शड्डू ठोका ना." मी तिला दंडाला धरून मागे ओढलं. पोर रडली, घरचे माझ्यावर चिडले. म्हणून हे नातीकडून लिहून घेतेय.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. मी आठ वर्षांची होते. कुस्त्यांच्या हगाम्याला तेव्हा बायका-पोरींना जाऊ देत नसत. आमच्या भागातल्या एका नामी पैलवानाचा शड्डू मी देवळामागे उभं राहून नुसता ऐकायचे. मांडीवर त्याची थाप पडली की सगळा माळ गप्प व्हायचा.

आईला नगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिथं व्हरांड्यातल्या खाटेवर तेच पैलवान दिसले, कमरेपर्यंत घोंगडी ओढून बसलेले. वडील म्हणाले, "पैलवान हायती. पाया पड."

मी आधी म्हणाले, "शड्डू ठोका की."

त्यांनी घोंगडीवरूनच उजव्या मांडीवर थाप मारली. आवाज अगदीच बारीक आला.

"दुसऱ्या मांडीवर बी," मी म्हणाले.

ते वडिलांकडे बघत राहिले. मी पाया पडायला वाकले, घोंगडीखाली हात घातला. एकच पाय हाताला लागला.

"जखम चिघळली, पोरी," एवढंच ते बोलले.

आजची ती मुलगी तर हसत शड्डू ठोकायला उभी राहिली होती. माझी पणती अजून माझ्याशी बोलत नाही. तिला हे सांगू का, की माझ्यापाशीच राहू दे?