मुद्दाम बाहेर मारलेली पेनल्टी

मला कुणावर फार दिवस राग धरता येत नाही. त्या सरांवर मात्र मी डिसेंबरपासून मेपर्यंत धरला, आणि आता तो गेला आहे असं अजूनही खात्रीने म्हणवत नाही.

ब्रिस्टलला इतिहासात एम.ए. करताना पहिल्या टर्ममध्ये आम्हाला कुठेतरी जुन्या कागदपत्रांवर काम करावं लागे. माझ्या वाट्याला शहराबाहेरची एक जुनी निवासी शाळा आली. तिथले कागद एक निवृत्त शिक्षक सांभाळायचे. त्यांना मी सर म्हणायचो. सरांचं दैवत एकच: व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, मानधन न घेता हौसेने खेळणारा एक फुटबॉलपटू, जो पुढे याच शाळेत मास्तर झाला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याची गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. मोठ्या सामन्यात त्याच्या संघाला पेनल्टी मिळाली. समोरचेही सभ्य गृहस्थ, ते मुद्दाम कुणाला पाडणारच नाहीत, तेव्हा ही पेनल्टी घेणं हाच त्यांचा अपमान, असं मानून त्याने चेंडू मुद्दाम गोलच्या बाहेर मारला. संघ हरला. हॉलमध्ये त्याचं तैलचित्र आहे आणि खाली दोनच शब्द: फेअर प्ले.

टर्मच्या शेवटी मी माझा अहवाल दिला. सरांनी तो वाचला आणि माझ्या ट्यूटरला कळवलं की हे इंग्रजी या मुलाचं असणं शक्य नाही. मला बोलावून घेतलं. दोघांच्या समोर बसून एक परिच्छेद लिहायला सांगितला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आपण इथे चुकून आलो आहोत असं मला तसंही रोज वाटायचं. त्या वीस मिनिटांत ते कुणीतरी मोठ्याने म्हणून दाखवल्यासारखं झालं. मी लिहिलं. ट्यूटर वाचून ओशाळल्या. सर उठले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मनात ठेवू नकोस हं. विचारणं भाग होतं."

मी मनात ठेवलं.

माझा रूममेट पुण्याचा, विमानांच्या कंपनीत सॉफ्टवेअरवाला. तो म्हणाला, "अरे, म्हातारा माणूस आहे, सोड ना."

"सॉरी म्हणाले नाहीत."

"मग कम्प्लेंट टाक."

"ते नको."

"मग काय, त्यांच्या चहात मीठ घालणार? तू? तुला बसची बेल वाजवायची लाज वाटते, एक स्टॉप पुढे उतरून चालत येतोस!"

खरं होतं ते. पण टर्म संपल्यावरही मी शाळेत जात राहिलो. सर वर्धापनदिनासाठी मास्तरवर पुस्तिका लिहीत होते, आणि मला हवी होती मास्तरची डायरी. पेन्सिलने लिहिलेली, आणि कागद वाचवायला पान फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच पुन्हा उभ्या ओळी घातलेल्या. सरांनी ती दोन पानांनंतर सोडून दिली होती. मला ती हळूहळू लागायला लागली. गावी आख्ख्या गल्लीच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या मीच वाचायचो. डॉक्टरांच्या अक्षरापुढे मास्तरचं अक्षर काहीच नव्हतं.

फेब्रुवारीत ते पान सापडलं. मास्तरने लिहिलं होतं: पाय घसरला, चेंडू बाहेर गेला. कप्तान म्हणाला, किती उमद्या मनाचा आहेस. मी काही बोललो नाही.

मीही काही बोललो नाही. मार्चमध्ये पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावरच ती पेनल्टी होती.

मे महिन्यात, शनिवारी दुपारी समारंभ झाला. सरांनी मला डायरीतलं एक पान वाचायला सांगितलं होतं. "कुठलं वाचू?" मी आठवडाभर आधी विचारलं होतं. "तुला आवडेल ते," ते म्हणाले. त्यांनी तपासलं नाही. त्यांना ते तपासता येणारच नव्हतं.

लोकांसमोर बोलताना माझा आवाज नेहमी खाली जातो. त्या दिवशी गेला नाही. शेवटचं वाक्य मी सावकाश वाचलं. मागे कुणीतरी फस्सकन हसलं, मग बरेच जण हसले. पहिल्या रांगेतल्या बाईंनी मांडीवरची पुस्तिका उलटी करून ठेवली. सर हसले नाहीत.

नंतर ते चहाच्या टेबलापाशी माझ्याकडे आले.

"हे कधी सापडलं तुला?"

"फेब्रुवारीत."

"पुस्तिका मार्चमध्ये छापली."

"हो."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं, तर तुम्ही विचारलं असतंत की वाचायला मदत कुणी केली."

मग ते वळले आणि न खपलेल्या पुस्तिका खोक्यात परत भरू लागले, एकेक, कोपरे जुळवत. खोकं जड होतं. पुढे होऊन उचलू लागावं असं मला वाटलं, नाही असं नाही. पण मी चहाचा कप हातात घेऊन, त्यांना दिसेन असा, तिथेच उभा राहिलो आणि तो पूर्ण संपवला.