वसंताकाकांच्या दुकानाजवळ

मोबाईलवरून किराणा मागवायला अक्कल लागत नाही, हे मी स्वतः सिद्ध केलं आहे.

दिग्रसमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी वसंताकाकांचं किराणा दुकान आहे. लहानपणी आई मला पिशवी देऊन तिथे पिटाळायची. सामान बांधून झालं की काका गुळाच्या भेलीतला खडा फोडून हातावर ठेवत. नियम एकच, जो सामान घरी नेईल त्याला गूळ. एकदा वडील स्वतः गेले, तर त्यांच्याही हातावर खडा पडला. तहसीलमधले ते गंभीर कारकून भर रस्त्यानं गूळ चघळत घरी आले. ते दिवस आठवले की मला अजूनही फार बरं वाटतं.

यंदा पोळ्याच्या आधी ऑफिसातल्या एकानं माझ्या मोबाईलमध्ये किराण्याचं अ‍ॅप टाकून दिलं. पहिल्या ऑर्डरला घसघशीत सूट, वर साखर फुकट. (फुकट म्हटलं की माझा विश्वास लगेच बसतो.) पुरणाची हरभरा डाळ, गूळ, वेलची, सगळं मागवलं. आईला काही पटेना. "दाताखाली धरल्याबिगर डाळ कशी समजन?" मी तिला फोटो मोठा करून दाखवला. तिनं चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि डाळ जुनी दिसते म्हणाली.

खरी भीती काकांची होती. आमच्या घरचं पुरण आजवर दुसऱ्या कुणाच्या डाळीचं झालं नव्हतं. कळलं असतं तर काका बोलले नसते, पण मला त्या गल्लीतून मान वर करून जाता आलं नसतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी हटकलंच.

"बाबू, आईची डाळ काढून ठेवली हाय. कवा नेतं?"

यंदा आत्यानं महागाववरून घरच्या शेतातली डाळ धाडली, असं मी ठोकून दिलं. (आत्याच्या शेतात निव्वळ कपाशी आहे, हे साऱ्या दिग्रसला माहीत आहे!) काका नुसतं "बरं" म्हणाले. मी मागे न बघता घर गाठलं.

दुपारी फोन वाजला. काका!

"तुह्या नावाचं खोकं आलं माह्या दुकानात. खोकं आणणारा हा भाऊ म्हणते, मोबाईलवर आकडा आला असन, तो सांग."

त्याचं असं झालं, की अ‍ॅपनं पत्ता विचारताना जवळची खूण विचारली होती. पाहुण्यांना, गॅसवाल्याला, वरातीच्या बँडवाल्यांना आम्ही वर्षानुवर्षं जे सांगत आलो, तेच मी बिनदिक्कत भरलं होतं: वसंताकाकांच्या दुकानाजवळ. आता मी एकेक आकडा सांगत होतो आणि काका तो भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं म्हणत होते.

थोड्या वेळानं काका सायकलला खोकं बांधून स्वतः दारात हजर. दाराआड लपायचा विचार मी केला, पण आमचं दार अरुंद आहे आणि मी तसा नाही. काकांनी डाळीचं पाकीट फोडलं, दाणा दाताखाली धरला, चार दाणे आईच्या हातावर ठेवले. दोघं शांतपणे चावत राहिली. मी दहावीच्या निकालाची वाट बघावी तसा बसलो होतो.

"बरी हाय डाळ," काका आईला म्हणाले. "रात्रभर भिजू घाला म्हंजे झालं." मग माझ्याकडे वळले. "आत्याले सांग, खोकं लय चांगलं बांधलं तिनं."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तोच काकांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत गुळाचा खडा! एवढं होऊनही काका विसरले नव्हते. मी नकळत हात पुढे केला.

काकांनी खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

"आज सामान म्या आणलं," म्हणाले, आणि गूळ चघळत निघून गेले.

माझा हात तसाच पसरलेला होता. आईनं त्यावर फुकटच्या साखरेची पिशवी ठेवली.