हलवू नका

प्रयोगशाळेत तिला सगळे बुरशीबाई म्हणत. तिला त्याचा राग येत नसे. "नवऱ्यापेक्षा जास्त वर्षं मी बुरशीबरोबर काढलीत," ती म्हणे.

खाण्याच्या वस्तूचा नमुना पातळ करून प्लेटमधल्या जेलीवर पसरायचा, पाच दिवस ठेवायचा, मग उगवलेले ठिपके मोजायचे. गुळगुळीत ते यीस्ट, केसाळ ती बुरशी. जिवाणूंच्या प्लेट उलट्या ठेवतात, बुरशीच्या सुलट, आणि मधे हात लावायचा नाही. धक्का लागला की केसाळ ठिपक्यावरची धूळ आजूबाजूला पडते आणि तिथे नवे ठिपके धरतात. त्यांना ती 'पिल्लं' म्हणायची. इनक्युबेटरच्या दारावरची 'हलवू नका' ही चिठ्ठी तिच्याच अक्षरातली.

धाकट्या बहिणीचा जॅम तपासायला आला, तेव्हा तिने नातं सांगितलं नाही. नातेवाइकाच्या नमुन्याला हात लावला तर नोकरी जाते, आणि घरात कमावणारी ती एकटीच. तरी तो नमुना दुसऱ्याच्या हाती द्यायला तिचं मन धजेना. बहिणीची पहिलीच मोठी ऑर्डर होती, एका इस्पितळाच्या स्वयंपाकघराची.

"ताई, झालं का गं?" रोज फोन.

तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. दोन्ही प्लेट तिने उचलल्या, उजेडाकडे तिरक्या धरल्या. मोजकेच ठिपके. पास होणार! गालात हसत तिने त्या परत ठेवल्या.

पाचव्या दिवशी दोन्ही प्लेट पिल्लांनी भरून गेल्या होत्या.

"हा जॅम आहे की गोधडी?" साहेब मागून डोकावले. "हलवल्या का कुणी?"

हो म्हटलं असतं तर नमुना पुन्हा लावता आला असता. पण कुणी हलवल्या, हे सांगावं लागलं असतं. मग का, हेही.

"नाही, साहेब."

"मग काय, नापास. लिहून टाका."

दोन दिवसांनी ती बहिणीकडे गेली. ऑर्डर रद्द झाली होती. भरलेल्या बरण्या भिंतीशी तशाच रचलेल्या, आणि बहीण नळाखाली लख्ख पातेलं घासत बसलेली.

"तू तपासलंस म्हणजे शंकाच नको, ताई. माझंच काहीतरी चुकलं. बघ ना, अजून कसं स्वच्छ करू?"

ताईने बाह्या सरसावल्या. तिच्या हातातली घासणी घेतली आणि शेजारी बसली.

"असं," ती म्हणाली. "कडेला जरा जास्त जोर लाव."