थांबभिया

गोल मारायची घाई ज्यांना मुळीच खपत नसे, असे हॉकीचे कोच मी एकच पाहिले. चाकांच्या स्केट्सवरची आमची हॉकी. कठड्याबाहेर आईबाप ‘मार, मार’ करून घसा फोडत आणि हे तळहात उभा धरून म्हणत, ‘थांब भिया.’ भिया म्हणजे भाऊ. आम्ही सगळ्या मुली, पण इंदूरच्या माणसाला त्याचं काय! माघारी त्यांचं नावच पडलं, थांबभिया.

बरोबरी झाली की जादा वेळेत गोलकीपर सोडून तीनच जणी उरतात आणि पहिल्या गोलाला खेळ संपतो. ‘पक आपल्याजवळ आहे तोवर आपल्याला कोण हरवते?’ ते विचारत. पक म्हणजे आमची रबरी चकती. ‘रस्ता बंद दिसला की वापस आणायचा. थकली ती बाहेर, ताजी आत, मग फिर से. चुकलेला शॉट म्हणजे त्यांना फुकटात दिलेला पक.’

ही सवय लागावी म्हणून ते सरावाच्या वेळी गोलच्या जाळ्या कुलपात ठेवत. मी गोलकीपर, राखायला गोलच नाही, म्हणून नुसती उभी. खाण्यातही सर तसेच, थांबणारे. पोह्यांवरची शेव शेवटच्या घासासाठी बाजूला ठेवत आणि ती मऊ पडली की चेहरा पाडून खात. आम्ही हसायचो. फार जीव होता आमचा त्यांच्यावर.

इंदूरच्या अन्नपूर्णा भागातला आमचा तो पत्र्याखालचा रिंक एका ट्रस्टचा होता. ट्रस्टला तिथे लग्नांसाठी भाड्याने द्यायचं मॅरेज गार्डन करायचं होतं. राज्याची स्पर्धा जिंकलात तर रिंक राहील, एवढंच त्यांनी कबूल केलं. थांबभियांना दुसरं जग नव्हतं.

फायनल आमच्याच रिंकवर झाली आणि बरोबरीत आली. जादा वेळेत पक सतत आमच्याकडेच. आमच्यातली मृणाल पक घेऊन पुढे जाई, मागे आणी, पुन्हा पुढे. अशातच समोरची गोलकीपर घसरून पडली. गोल सताड उघडा, मृणाल समोर. सरावात जाळी न पाहिलेल्या त्या पोरीने आधी सरांकडे पाहिलं. सरांचा हात सवयीने वर गेला. ती वळली, वळताना पक हिसकावला गेला आणि तो माझ्या पायांमधून आत गेला.

गेल्या वर्षी त्याच मॅरेज गार्डनमध्ये मृणालचं लग्न झालं. थांबभिया आले, वाळले होते. अक्षता टाकून झाल्यावर पाणीपुरीच्या स्टॉलकडे बघत राहिले. तिथेच तेव्हा तो सताड उघडा गोल होता.

‘मारायला पाहिजे होता ना, भिया?’ ते मृणालला म्हणाले.

‘सर, तुम्ही हात दाखवला होता,’ मृणाल म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. पोरगी खरं तेच बोलली.

त्यांनी तो हात खिशात घातला आणि फाटकाकडे निघाले. ‘सर, थांबा, जेवून तरी जा,’ आम्ही दोघी मागून हाका मारत राहिलो. ते थांबले नाहीत.