तंग शिवणारा दुसरा कोणी नाही

परवा टीव्हीवर एक सुटाबुटातला गृहस्थ समजावून सांगत होता, की लष्करी खरेदी टेंडर न काढता केली तर देशाचा वेळ वाचतो. मी टीव्ही बंद केला. सून म्हणाली, "अहो आई, बघू द्या की." म्हटलं, बघ बाई, मी आत जाते, मला त्या माणसाचं तोंड बघवत नाही. देशाचा वेळ कसा वाचवतात ते मी या दहा बोटांनी टाईप केलेलं आहे.

लग्नाआधी मी कॅम्पात, फौजेसाठी सामान विकत घेणाऱ्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. सदाशिव पेठेतून सायकल मारत जायचे. आमच्या खात्याकडे बादल्या, ताडपत्र्या, दोरखंड असला किरकोळ माल आणि घोड्यांचं सामान. त्या सामानात तंग असायचा. खोगीर जागचं हलू नये म्हणून घोड्याच्या पोटाखालून आवळतात, तो पट्टा. तो भवानी पेठेतले एक मुसलमान कारागीर शिवायचे. सगळं ऑफिस त्यांना चाचा म्हणायचं. दरवर्षी टेंडर निघायचं, दोन-तीन व्यापारीही भरायचे, पण कमी दर आणि चांगला माल चाचांचाच. मग त्यांच्या नावाची ऑर्डर मी टाईप करायची. अशा सहा ऑर्डरी मी स्वतः केल्या.

चाचांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आणि जीभ माझ्याइतकीच तिखट. माल पोचवायला आले की माझ्या टेबलाशी थांबायचे. "काय बाई, आज मशीनला तेल पाजलंत वाटतं, कण्हत नाहीये." मी म्हणायचे, "तुमचे तंग शिवायला दिले तर बिचारं मरेलच." त्यांच्या टाक्यांची मला गंमत वाटायची. एकेक टाका दोन सुयांनी, दोन्ही बाजूंनी. गोदामातला जमादार तो पट्टा दोन हातांत धरून ताणायचा आणि हरल्यासारखा खाली ठेवायचा.

मग आमचे साहेब बदलले. नवे साहेब आले आणि त्यांच्या पाठोपाठ एका नव्या कंपनीचा सफारीवाला येऊ लागला. महिन्याभरात साहेबांच्या भिंतीवर त्या कंपनीचं कॅलेंडर लागलं. दीड महिन्यानं साहेबांनी मला आत बोलावून खरेदीच्या फाईलला जोडायच्या एका दाखल्याचा मजकूर सांगितला. आमचा कारभार इंग्रजीतून चाले, पण अर्थ सरळ होता: तंग बनवणारी ही एकच कंपनी असून दुसरा कोणीही उत्पादक नाही, सबब टेंडर न काढता खरेदी व्हावी.

मी पेन्सिल थांबवली. "साहेब, चाचा शिवतात की."

"तो कारागीर आहे. इथं उत्पादक म्हटलंय. घरात मांडी घालून शिवतो त्याला उत्पादक म्हणतात का?"

"पण सहा वर्षं आपण त्यांच्याकडूनच..."

"शिवाय तातडी आहे. टेंडर काढत बसलो तर सहा महिने जातील. तोवर घोडे काय उघड्या पाठीनं पळवायचे?"

कसली तातडी नि कसलं काय! गोदामात तंगांची चळत माझ्या डोक्याच्या वर गेलेली मी सकाळीच बघितली होती. पण साहेबांनी चष्मा पुसत अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुम्हाला कायम करण्याची फाईल माझ्याकडेच आहे, नाही का?" मेला हलकट! मी गुपचूप बाहेर येऊन टाईप केलं. चार प्रती, एकही खाडाखोड नाही.

टेंडरची वेळ टळून गेली तसे चाचा विचारायला आले. मी आधी टाळलं, मग हळू आवाजात दाखल्यातलं वाक्य सांगून टाकलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

मला वाटलं होतं, टेंडर का काढलं नाही म्हणून भांडतील. मी स्वतः त्याच गोष्टीवर धुमसत होते. पण ते म्हणाले, "बाई, लढाई लागली तेव्हा कुठं टेंडर काढलं होतं? मेजरसाहेब जीप घेऊन दारात आले. म्हणाले, चाचा, पंधरा दिवसांत पाहिजेत. घरातल्या बायकासुद्धा शिवायला बसल्या. जुन्याच दरानं दिले. तेव्हा मला टेंडर नको होतं, मग आता कोणत्या तोंडानं मागू? द्या, ज्याला द्यायचं त्याला द्या. पण मी नाही असं कसं लिहिता? मी काय मेलोय?"

खरंच होतं ते. घाईच्या वेळी सरळ एखाद्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागत असेल, मी नाही म्हणत नाही. पण ज्याला खरी घाई आहे तो ओळखीच्या माणसाकडे जातो. त्या माणसाला कागदावरून पुसून टाकायला त्याला सवड कुठली? आणि चाचांचं सगळंच त्या एका मालावर होतं. शहरातले टांगे भराभर कमी होत होते. फौज सोडली तर तंग घेणारं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. हे काम गेलं की दुकानाला कुलूप, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

त्यांनी वरच्या ऑफिसला तक्रार केली. स्वतःच्या अक्षरात, मराठीत, दोन पानं, सोबत सहा ऑर्डरींची यादी. ती तक्रार वर गेली, तिथून खाली आली आणि उत्तर द्यायला कोणाकडे आली? आमच्या साहेबांकडे! वा रे न्याय. साहेबांनी मला पुन्हा आत बोलावून उत्तर सांगितलं: आपल्या तक्रारीची चौकशी केली असता या वस्तूचा दुसरा कोणीही उत्पादक आढळला नाही, सबब तक्रार निकाली काढली आहे. वर चाचांचं नाव, पेठ, घर नंबर, सगळं अगदी बिनचूक घालायला सांगितलं. मी घातलं. त्याच आठवड्यात मी कायम झाले. घरी आईनं शिरा केला, आणि मी तो खाल्ला.

टपालाची वाट न बघता चाचा स्वतःच उत्तर न्यायला आले. शिपाई रजेवर होता, म्हणून कागद मीच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट केला. "इंग्रजी आहे. काय म्हणतात?"

मी मराठीत सांगितलं. माझा आवाज का कोण जाणे, अगदी साहेबांसारखा मऊ निघाला.

ते बराच वेळ पत्त्याच्या ओळीकडे बघत राहिले. मी जावक वही उघडून पुढं सरकवली. पत्र घेणाऱ्यानं तिच्यात सही करायची असते. त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, "काय लिहू बाई? पत्र मिळालं म्हणून लिहू, की असा कोणी आढळला नाही म्हणून?"

मागच्या टेबलावरचा कारकून फिस्सकन हसला. चाचा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते आणि खरोखरच उत्तराची वाट बघत होते. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. मी रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "इथं सही करा. पूर्ण नाव लिहा."