एका खुनाचे दोन रिपोर्ट

"उद्यापर्यंत दिनेशचा रिपोर्ट द्या. चांगला लिहा, वरून फोन आलाय," सर म्हणाले.

मी परिवीक्षा अधिकारी होते. जन्मठेपेच्या कैद्याला मुदतीआधी सोडायचं की नाही, हे सरकार ठरवतं. त्याआधी आम्ही कैद्याच्या घरी आणि ज्याचा जीव गेला त्याच्याही घरी चौकशी करतो. तोच रिपोर्ट.

दिनेशचं पावणे एमआयडीसीत वर्कशॉप होतं. युनियन काढणाऱ्या एका कामगाराला त्याने रॉडने मारलं. दिनेशच्या सांगण्यावरून त्याच्याकडच्या वेल्डर हरीने त्या माणसाचे हात धरले होते. माणूस मेला. दोघांनाही जन्मठेप. आता दोघांची सारखीच वर्षं भरली होती. दिनेशची फाइल धावत होती. हरीची फेरचौकशीसाठी माझ्याच टेबलावर पडून होती. तिच्यावर आधीचा शेरा होता: 'जबाबदारी घेणारं कोणी नाही.'

मी शिरवण्याला गेले. हरीची बहीण बाजारात मासळी विकत होती. शेरा वाचून दाखवला तशी तिने कोयता खाली ठेवला.

"मी हाय ना. मला कोनी इचारलंच नाय."

तिथून करंजाड्याला, मेलेल्या कामगाराच्या बायकोकडे. ती एका कॅन्टीनमध्ये चपात्या करायची. दिनेश सुटेल म्हटल्यावर हरीचं काय, असं तिने विचारलं. त्याचं अडलंय, मी म्हटलं.

"माझ्या मनाचं विचाराल तर दोघांनाही सोडू नका. पण मारणारा बाहेर आणि धरणारा आत, ही कसली माफी?"

हे वाक्य मी दिनेशच्या रिपोर्टमध्ये जसंच्या तसं घातलं. हरीचाही रिपोर्ट केला, बहिणीच्या सहीसकट. दोन्हींवर लिहिलं, की एकच गुन्हा आहे, विचार एकत्र व्हावा.

सरांनी ते वाक्य काढायला सांगितलं. मी नाही म्हटलं.

"आणि हरीची घाई कोणाला होती?"

"कोणालाच नव्हती, सर. म्हणून मी केली. तुमचं मत वेगळं असेल तर खाली लिहा आणि सही करा."

त्यांनी सही केली नाही. कागद तसेच वर गेले.

दिनेश ठरल्याप्रमाणे सुटला. वर्कशॉपसमोर फटाके वाजले. माझी बदली झाली. हरी आतच राहिला.

पुढे मोफत कायदेशीर मदतीतून हरीला मिळालेल्या वकील बाईंनी त्याच्या अर्जासोबत माझे दोन्ही रिपोर्ट हायकोर्टात लावले. कोर्टाने सरकारला विचारलं, या दोघांत फरक काय केला? लेखी उत्तर कोणाकडेच नव्हतं. आठ महिन्यांनी हरी सुटला. त्याला न्यायला बहीण आली होती.

माफी कोणाला द्यायची हे वरचे ठरवतात. ती कशाच्या आधारावर दिली, हे विचारता येईल असा एक कागद फाइलमध्ये राहू द्यावा. बदलीची तयारी मात्र ठेवावी.